आधी उभं, मग आडवं

पुण्याहून भाषणाचं बोलावणं आल्यापासून नंदिनी बुगड बाईंची मान जरा ताठच झाली होती. साड्या त्याच, डबाही तोच, पण स्टाफरूममध्ये कुणी गणिताचं नाव काढलं की बाई मंद हसायच्या आणि ते हसणं बाकीच्या शिक्षकांना अजिबात सोसायचं नाही. भाषणाचा विषय होता ‘बुगड पद्धत’. आपली काही पद्धत आहे हे बोलावणं येईपर्यंत बाईंना ठाऊक नव्हतं. एकदा कळल्यावर मात्र ती आपल्याकडे पहिल्यापासूनच होती, अशी त्यांची खात्री पटली.

ही सगळी करामत मापाडीची.

हरिपेठ म्हणजे पंचगंगेकाठचं मागांचं शहर. नगरपरिषदेच्या या शाळेत सहावी ते आठवीचे वर्ग भरत. मुलं ओडिया, भोजपुरी, कन्नड, तेलुगू, दखनी बोलणाऱ्या घरांतली, आणि मराठी घरातली थोडीच. आईबाप मागावर, बिऱ्हाडं सदा हलती. पूर्वी अशा शाळेचा निकाल लागला की तो डॉक्टर-वकिलांच्या मुलांच्या शाळेशेजारी मांडला जायचा आणि लोक नाकं मुरडायचे. मापाडीने तो अन्याय बंद केला. त्या यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं आणि कुणाच्या तोंडी बसलं नाही. मार्केट यार्डात धान्य मोजणाऱ्याचं नाव त्याला चिकटलं ते कायमचं. तो मापाडी पोत्याचं वजन वजा करून आतलं धान्य सांगतो, हा तसंच मुलांचं करायचा. राज्यातल्या लाखो मुलांच्या निकालांवरून तो शिकला होता. घरची भाषा कोणती, वर्गातल्या भाषेपासून ती किती लांब, आईबापाचं काम काय, घर किती वेळा बदललं, एवढं त्याला दिलं की अशा मुलाला साधारण किती गुण पडतात ते तो सांगायचा. प्रत्यक्षात त्याहून जास्त पडले, तर तो वरचा भाग शाळेच्या खात्यावर. त्याला ‘भर’ म्हणत.

नंदिनीबाईंच्या आठवीची गणितातली भर यंदा राज्यात सगळ्यात वरची होती. सातवीची बेताची, सहावीची जवळजवळ नाहीच. सातवीला आणि सहावीला दुसरे शिक्षक होते, तेव्हा याचा अर्थ काय लावायचा हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

भाषणासाठी काढलेल्या इरकलीला फॉल लावायला टाकून बाई त्या दिवशी शाळेत आल्या, तर केंद्रप्रमुख देवमाने साहेब स्टाफरूममध्ये येऊन बसलेले. देवमाने म्हणजे भागातल्या सगळ्या शाळांवर देखरेख ठेवणारा माणूस. खिशात कायम भाजके शेंगदाणे आणि चेहऱ्यावर कायम दुसऱ्याची चूक आपल्याला निस्तरावी लागणार असा भाव.

“बाई, आधी बसून घ्या,” ते म्हणाले.

“उभीच बरी आहे. काय झालं?”

“आठवीचा निकाल थांबवलाय. भर काढून झाल्यावर मापाडीने चुका ताडून बघितल्या, म्हणतोय, सामूहिक कॉपी.”

बाई बसल्या.

देवमान्यांनी टॅब्लेट पुढे केला. आलेखावर बिंदू मांडायचे तीन प्रश्न होते. बिंदू देताना आधीचा आकडा आडवा मोजायचा आणि नंतरचा उभा, हे पुस्तकात आहे. आठवीच्या झाडून सगळ्या मुलांनी तिन्ही प्रश्नांत ते उलटं केलं होतं. आधी उभं, मग आडवं. बाकी पेपर उत्तम.

“दोन-चार पोरं उलटं करतात, ते मापाडीला माहीत आहे,” देवमाने म्हणाले. “पण अख्खा वर्ग एकच चूक करतो, तेव्हा ती एक तर बाईंनी शिकवलेली असते, नाही तर एकमेकांची बघितलेली असते. बाईंनी काय शिकवलं ते कानाने ऐकलंय.”

कान म्हणजे वर्गाच्या छताला बसवलेली बशीएवढी पांढरी तबकडी. वर्गात काय बोललं जातं ते ऐकायचं, कोण शिकवतंय ते टिपायचं, आणि वर्ग फार वेळ गप्प राहिला की शिक्षक गायब आहे असं समजून केंद्रप्रमुखाच्या फोनवर घंटा वाजवायची, हे तिचं काम. कानाने बाईंचा तास शब्दनशब्द ठेवला होता. ‘आधी आडवं, मग उभं,’ असं बाई त्यात खणखणीत आवाजात सांगत होत्या. तेही चार वेळा.

“परवा फेरपरीक्षा,” देवमाने उठत म्हणाले. “प्रत्येक पोराच्या तिन्ही बाजूंनी पुठ्ठे उभे करायचे. मी स्वतः येणार. पास झाली तर झाली. नाही तर निकाल रद्द आणि पोरं परत आठवीत.” मग त्यांनी पुढे केलेले शेंगदाणे बाईंनी घेतले नाहीत.

परत आठवी म्हणजे काय, हे या शाळेत कुणाला समजावून सांगावं लागत नसे. दुसऱ्याच बाकावर पद्मिनी बेहेरा बसायची. जन्म हरिपेठेतला, घरची भाषा ओडिया, तोंडात हरिपेठचीच मराठी. नववीला हायस्कुलात जायचं म्हणून तिने घरच्यांशी वर्षभर भांडण काढलं होतं आणि नुकतंच कुठे जिंकलं होतं. एक वर्ष वाया गेलं असतं, तर तिची आई तिला आपल्या शेजारी धाग्याच्या कांड्या भरायला बसवणार, हे ठरलेलं. अशा पद्मिनी वर्गात बऱ्याच होत्या.

बाईंना राग आला होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. पोरांनी खरंच कॉपी केली असेल तर? दुसऱ्या दिवशी त्या वर्गात शिरल्या त्या पोलिसाच्या डोळ्यांनी. फळ्याशेजारी सावित्रीबाईंची तसबीर होती. बाईंनी सकाळी लवकर येऊन तिची काच लख्ख पुसून ठेवली होती. मुलांकडे पाठ केली, फळ्यावर उजळणीचं समीकरण लिहायला घेतलं आणि नजर मात्र काचेवर ठेवली.

काचेत वर्ग दिसत होता. वर्ग गप्प होता, पण स्वस्थ नव्हता.

पद्मिनीचा उजवा तळहात डावीकडून उजवीकडे सरकला आणि पलीकडे पोचताच उलटा झाला. मागच्या बाकावरच्या रुबीनाने भुवया उंचावल्या. पद्मिनीने परत केलं, या वेळी सावकाश. रुबीनाने मान हलवली आणि तेच पलीकडच्या बाकावर पोचवलं. दोन बोटांची गाठ मारल्यासारखं कुणी केलं, कुणी कानशिलाजवळ मूठ फिरवली. चिंटू यादव तर खिडकीशी बसून दोन्ही हातांनी एवढं सविस्तर काही सांगत होता, की त्याच्या भोवतीची पोरं पुस्तक सोडून त्याच्याकडेच बघत होती. फळ्यावरचं समीकरण बाईंनी अजून निम्मंच लिहिलं होतं. वर्गाला ते समजूनही झालं होतं.

बाई गर्रकन वळल्या. सगळे हात मांडीवर.

“पद्मिनी, ऊठ. हे काय चाललंय?”

पद्मिनी उठली. तिने एकदा वर्गाकडे बघितलं, मग बाईंकडे. “सांगत हुतो, बाई.”

“काय?”

“तुमी सांगितलेलंच. पद पलीकडं गेलं की चिन्ह बदलतंय ते. तुमी भराभरा बोलता की. चिंटूला मराठी कमी कळतंय, रुबीनाला ‘पद’ म्हणजे काय तेच म्हाईत न्हवतं. मग हातानं सांगितलं. धोटा पलीकडं गेला की पालथा.” तिने हात सरकवून दाखवला. “मागाच्या खुणा हाईत, बाई. कारखान्यात खडखडाटात कुणाचं ऐकू येतंय? समदे असंच बोलत्यात. आमी डबा द्यायला जाऊन जाऊन शिकलो.”

“आणि हे रोज चालतं?”

“तुमी फळ्याकडं वळला की,” पद्मिनी प्रामाणिकपणे म्हणाली.

बाई फळ्याकडे दिवसातून किती वेळा वळत, याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात टाळला.

“परीक्षेतही?”

“न्हाई.” पद्मिनीचा चेहरा लालबुंद झाला. “परीक्षेत मी हात मांडीवरनं हलवला न्हाई. आईशप्पथ, बाई. कुणीच न्हाई. ते वेगळं, हे वेगळं.”

बाईंनी आलेख काढला. “बिंदू हातानं कसा सांगता, ते दाखव.”

पद्मिनीने डाव्या हाताची बोटं ताठ उभी धरली आणि मग उजवा हात त्यांच्यावरून आडवा नेला. वर्गातल्या सगळ्यांनी, न सांगता, तसंच केलं. आधी उभं, मग आडवं. मागावर आधी उभे धागे ताणून बसवतात आणि मग धोटा आडवा धागा घेऊन त्यांतून पळतो. उभंच नसेल तर आडवं जाणार कशात? सगळं शहर ज्या क्रमाने कापड विणतं, त्याच क्रमाने वर्गाने बिंदू मांडले होते.

बाईंना एकदम हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. पोरं निर्दोष होती. आणि बुगड पद्धत नावाची वस्तू जगात नव्हती.

“बाई, आमचं काय चुकलं त्यात?” पद्मिनीने विचारलं.

उत्तर ओठांवर आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण बाईंच्या मनात एक विचार चमकला आणि त्यांनी ते वाक्य गिळलं. “उद्या सांगते,” त्या म्हणाल्या. मुलाने चूक विचारली आणि आपण सांगितली नाही, हे त्यांच्या हातून पहिल्यांदाच घडत होतं. त्यांना ते फार लागलं.

घरी आबा उंबऱ्यावर बसले होते. बाईंचे वडील. आयुष्यभर माग चालवून कान गेलेले, पण कानातलं यंत्र कधी कानात नसायचं. सध्या ते साखरेच्या डब्यामागे होतं. बाप-लेकीचं बोलणं म्हणजे बाईंनी ओरडायचं आणि आबांनी “आँ?” म्हणायचं. त्यामुळे दोघंही हल्ली कामापुरतंच बोलत.

आबांनी अंगठा आणि करंगळी उभी करून हात तोंडाकडे नेला. रोज नेत. बाई रोज “ठेवते चहा, ठेवते!” असं ओरडत आत जात. आज त्या समोरच बसल्या आणि तो हात बघत राहिल्या. लहानपणी डबा घेऊन त्याही कारखान्यात जायच्या. हा हात त्यांना ओळखीचा होता. पुढे कोल्हापूरला कॉलेज झालं, नोकरी लागली, आणि सगळं मागे पडलं.

“आबा,” त्यांनी हळूच आपले हात उचलले. जेवण झालं का, असं विचारायचं होतं. बोटं अडखळली, पण हात निघाला.

आबा बघतच राहिले. मग खो खो हसले. “काय गं, माग बंद पडलाय का म्हून इचारालीयास?”

“जेवण विचारतेय!”

“मग असं की.” त्यांनी तिचा हात धरून बोटं नीट केली. नंतर चहा विसरून तासभर दोघं उंबऱ्यावर बसून होती. सदाशिव मागवाला मालकाची नक्कल कशी करायचा, तेही आबांनी करून दाखवलं. बाई पोट धरून हसल्या. बापाशी आपण इतकं कधी बोललो होतो, ते त्यांना आठवेना.

“आता कुणी करत न्हाई,” आबा म्हणाले. “बिनआवाजी माग आलं. आडवा धागा चुंबकावर पळतोय, चूं न्हाई की चां न्हाई. आता समदे तोंडानं बोलत्यात, आन कुणाचं कुणाला कळत न्हाई. ह्यो आपल्या भाषेत, त्यो आपल्या.”

बाई ताडकन उठल्या. बिनआवाजी माग हरिपेठेत हळूहळू येत गेले होते. आजची आठवी खडखडाटात वाढली. सातवी निम्मी. सहावीतल्या पोरांनी डबे नेले ते मुक्या कारखान्यात. आणि भर कुठे होती? आठवीत जास्त, सातवीत बेताची, सहावीत नाहीच. पोत्याचं वजन वजा करताना मापाडीने मुलांच्या सगळ्या भाषा मोजल्या होत्या. सगळ्यांच्यात सारखी असलेली एक तेवढी मोजली नव्हती, कारण ती त्याला कुणी सांगितलीच नव्हती. आणि छतावरच्या कानाला ती ऐकू येण्यातली नव्हती.

सकाळी देवमाने पुठ्ठे घेऊन आले, तेव्हा बाई फाटकातच उभ्या होत्या.

“साहेब, पेपर सुरू व्हायच्या आधी सांगते. आज आलेखाचे जेवढे प्रश्न असतील, तेवढ्यांत अख्खा वर्ग परत तीच चूक करणार. आधी उभं, मग आडवं. बाकी पेपर चांगला जाणार.”

देवमान्यांचा शेंगदाणा हातातच राहिला. “पोरं चुकणार याची हमी देणाऱ्या तुम्ही पहिल्याच बाई.”

“चूक बरोबर करून द्यायला मला एक मिनिट लागलं असतं. दिली असती, तर आज ती दिसली नसती, आणि तुम्ही म्हणाला असता, पुठ्ठे लावले म्हणून कॉपी थांबली.”

“आणि चूक झाली तर?”

“पुठ्ठ्याआडून कुणी कुणाचं बघितलं, ते मग तुम्ही मला सांगा.”

मग त्यांनी खुणांचं सगळं सांगितलं. पुण्याच्या भाषणावर आपण पाणी सोडतोय हे सांगताना कळत होतं, तरी सांगितलं. देवमाने ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, “म्हणजे पोरांकडे गुपचूप बोलायची सोय आहे, आणि हे तुम्ही मला स्वतःहून सांगताय?”

“लपवून उपयोग काय? तुम्ही तपासाच.”

पेपर सुरू झाला. पुठ्ठ्यांच्या खोपट्यांतून पोरांचे फक्त केस दिसत होते. बाई व्हरांड्यात येरझारा घालत होत्या आणि मनातल्या मनात पोरांची माफी मागत होत्या. एका शिक्षिकेने आपली मुलं चुकावीत म्हणून देव पाण्यात ठेवावेत, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. पण खोपट्यातली एक जरी पद्मिनी काल घरी जाऊन पुस्तक उघडून बसली असेल, तर बाईंच्या सांगण्यातला जोर गेला.

पेपर संपला, टॅब्लेट गोळा झाले. देवमान्यांनी निकाल वरून खालपर्यंत बघितला. मग टॅब्लेट बाईंच्या हातात दिला.

आलेखाचे सगळे प्रश्न, सगळ्यांचे, चुकलेले. नवा प्रश्न शहराच्या नकाशावरचा होता. त्यात पाण्याच्या टाकीची जागा शोधायची होती. ती अख्ख्या वर्गाने एकमताने नदीत नेऊन ठेवली होती. बाकी पेपर पहिल्याहून चांगला.

“एवढं एकसारखं चुकलेलं बघून मला कधी आनंद झाला नव्हता,” देवमाने म्हणाले. “जाऊ दे निकाल पुढं.”

बाई तोवर वर्गात पोचल्याही होत्या. पुठ्ठे काढायचीही वाट न बघता त्या फळ्यापुढे उभ्या राहिल्या. “पद्मिनी, काल विचारलं होतंस ना, काय चुकलं? बघा सगळे.” आणि फळ्याकडे न वळता, तोंडाने काही न बोलता, त्यांनी हात उचलले. आधी आडवा हात. मग उभी बोटं. कागदावर धोटा आधी पळतो.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गाचे सर धावत आले.

“काय झालं?” बाई गोंधळल्या.

“बाई,” पद्मिनीने डोळे पुसत सांगितलं, “तुमी असं म्हणालासा, आधी मालक पळाला, मग कांडी संपली.”

तरी सगळ्यांना कळलं होतं. टाकी नदीतून बाहेर आली.

मापाडीत नवा रकाना घातला गेला. घरच्या भाषेच्या शेजारी मागाच्या खुणा. पुन्हा हिशेब केल्यावर आठवीच्या भरीतला मोठा वाटा त्या रकान्याकडे गेला आणि बाईंच्या नावावर जे उरलं, ते इतर कुठल्याही बऱ्या शिक्षिकेइतकंच होतं. बाई दोन दिवस फुरंगटून होत्या. मग इरकल नेसून पुण्याला गेल्या, पद्मिनीला बरोबर घेऊन, आणि भाषणाचा निम्मा वेळ तिला दिला. टाळ्या कुणाला जास्त पडल्या, हे त्यांनी स्टाफरूममध्ये कधी सांगितलं नाही. पद्मिनी आता नववीत आहे, आणि हायस्कुलात तिच्या बाकाभोवती गर्दी असते.

प्रश्न सहावीचा उरला. मुक्या कारखान्यांतली पोरं, भाषा सतरा, कुणाचं कुणाला कळत नाही. त्यावर बाईंनी जो उपाय काढला, तो देवमान्यांना त्यांच्या फोनने कळवला.

एका दुपारी ते शेजारच्या शाळेत होते आणि फोनवर घंटा वाजली. ‘हरिपेठ नगरपरिषद शाळा, इयत्ता सहावी. वर्गात शिकवणं बंद आहे. शिक्षक उपस्थित नसावेत.’ देवमाने तणतणत मोटरसायकलवरून निघाले आणि थेट सहावीच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

आत चिटपाखराचाही आवाज नव्हता. फळ्यापुढे धोतरातले आबा उभे होते, कानातलं यंत्र नेहमीप्रमाणे घरी ठेवून. त्यांचे हात चालले होते, आणि त्यांच्यापुढे अख्ख्या वर्गाचे हात. कुणी ओडिया, कुणी तेलुगू, कुणी दखनी, सगळे एकाच वेळी काहीतरी विचारत होते आणि आबा एकेकाला उत्तर देत होते. मागच्या बाकावर नंदिनीबाई बसल्या होत्या आणि त्यांचाही हात वर होता. आबांनी त्यांच्याकडे बघून काहीतरी केलं. वर्ग गदागदा हलून हसला, तेही आवाज न करता.

फोन परत वाजला. शिकवणं बंद आहे.

देवमान्यांनी तो बंद करून खिशात टाकला, शेंगदाण्यांचा हात आबांच्या दिशेने उंचावला आणि खिडकीतूनच खुणेने विचारलं, मी आत येऊ का. म्हणजे, त्यांना तसं विचारायचं होतं. त्यांनी नेमकं काय विचारलं ते सहावीच्या वर्गाने त्यांना अजून सांगितलेलं नाही, पण ते दिसले की पोरं अजूनही तोंड दाबून हसतात.